एव्हरेस्टनंतरचा हिलरी

मागच्या पावसाळ्यात हरिश्चंद्रगडावरून उतरताना आम्ही चौघं धुक्यात वाट चुकलो. तसं फार काही झालं नाही. तीन तास उशिरा खिरेश्वरला पोचलो, चहा मारला आणि तेव्हा कुठे मोबाईलला रेंज आली. घरून सतरा मिस्ड कॉल! फोन लावला तर बायको काहीच बोलली नाही, नुसतं "जेवलास का?" एवढंच विचारलं. आरडाओरडा केला असता तरी इतकं अपराधी वाटलं नसतं.

तेव्हापासून एक प्रश्न डोक्यात बसलाय. डोंगरात जाणाऱ्या माणसाचा घराशी हिशोब कसा असतो? मग सवयीप्रमाणे वाचत सुटलो आणि एका फार ओळखीच्या माणसापाशी येऊन थांबलो. सर एडमंड हिलरी.

आपल्याला हिलरी माहीत असतो तो शाळेतल्या एका ओळीपुरता. २९ मे १९५३, तेनसिंग आणि हिलरी, एव्हरेस्ट. संपलं. पण त्या दिवशी सकाळी साडेअकराला शिखरावर पोचलेले ते दोघं तिथे होते जेमतेम पंधरा मिनिटं. त्यानंतर हिलरी जवळजवळ पंचावन्न वर्षं जगला. आज लिहायचंय ते त्या पंचावन्न वर्षांबद्दल.

आधी थोडी पार्श्वभूमी. जन्म २० जुलै १९१९, न्यूझीलंडमधल्या ऑकलंडचा. वडील मधमाश्या पाळायचे. गणित आणि विज्ञान शिकायला हा कॉलेजात गेला, पण दोन वर्षांत रामराम ठोकून परत पोळ्यांमध्ये आला. (सेमिस्टर सिस्टिमने गांजलेल्या आम्हा इंजिनिअरांना हा भाग विशेष आवडतो.) बर्फ पहिल्यांदा पाहिला तो सोळाव्या वर्षी, शाळेच्या सहलीत, रुआपेहू डोंगरावर. तिथून जे वेड लागलं ते लागलंच.

गडी प्रचंड लाजाळू. एव्हरेस्ट उतरून आला, जगभर नाव झालं, 'सर' झाला, पण लुईज रोझ नावाच्या मुलीला लग्नाचं विचारायची काही हिंमत होईना. लुईज व्हायोला वाजवायची, सिडनीत संगीत शिकत होती. शेवटी विचारायचं काम केलं तिच्या आईने, फोनवरून! जगातल्या सगळ्यात उंच डोंगरावर चढलेल्या माणसाची ही कथा :-) ३ सप्टेंबर १९५३ ला लग्न झालं, म्हणजे शिखरावर पाऊल ठेवल्याला शंभर दिवसही झाले नव्हते. आणि लगेच इंग्लंडला व्याख्यानांचा दौरा. हाच मधुचंद्र. पुढे पीटर, सारा आणि बेलिंडा अशी तीन मुलं झाली.

घरी मुलं लहान, आणि बाबा? बाबा अंटार्क्टिकात. ४ जानेवारी १९५८ ला हिलरी शेतावरचे ट्रॅक्टर घेऊन दक्षिण ध्रुवावर पोचला. काम फक्त रसद पोचवायचं होतं, पण हा पठ्ठ्या पुढेच गेला. म्हणजे आदर्श गृहस्थ वगैरे म्हणावं असा हा माणूस नव्हता. महिनोन् महिने बाहेर असायचा आणि घर लुईजच सांभाळायची.

पण इथे एक वेगळी गोष्ट घडली. डोंगर घरापासून तोडतो अशी आपली समजूत असते. हिलरीने घरच डोंगरात नेलं. शेर्पांनी त्याच्याकडे मुलांसाठी शाळा मागितली, आणि १९६१ मध्ये खुमजुंगला पहिली शाळा उभी राहिली. त्यासाठी त्याने हिमालयन ट्रस्ट काढला. मग पूल, दवाखाने, आणखी शाळा. पुढे शाळांची संख्या पंचवीसच्या वर गेली. हिलरी स्वतः हातात हातोडा घेऊन छपरं ठोकायचा. नाताळच्या सुट्टीत अख्खं कुटुंब खुंबूत गेलं, तिन्ही पोरं पायी चालली, आणि लुईजने त्यावर 'अ याक फॉर ख्रिसमस' हे पुस्तक लिहिलं. शेर्पांसाठी तो 'बडा साहेब' झाला होता.

खुंदेच्या हॉस्पिटलचं सामान वर न्यायचं तर विमान उतरायला जागा हवी. म्हणून १९६४ मध्ये लुक्ल्याची धावपट्टी बनवली. गावकऱ्यांकडून जमीन घेतली. माती भुसभुशीत होती, ती दाबायला रोलर कुठून आणणार? मग शेर्पांना छांग पाजली आणि त्या पट्टीवर नाचवलं! आज एव्हरेस्ट बेस कॅम्पला जाणारे आपल्याकडचे बहुतेक सगळे लुक्ल्यालाच उतरतात. २००८ पासून त्या विमानतळाला तेनसिंग-हिलरी नाव आहे.

आता तो भाग, ज्यासाठी हे लिहायला घेतलं.

१९७५. फाफलू नावाच्या गावात हॉस्पिटलचं काम चालू होतं आणि त्या वर्षासाठी हिलरींनी काठमांडूत बिऱ्हाड केलं होतं. हिलरी फाफलूत कामावर, आणि ३१ मार्चला लुईज आणि सोळा वर्षांची बेलिंडा छोट्या विमानाने त्याच्याकडे निघाल्या. काठमांडूहून उडाल्यावर काही मिनिटांतच विमान पडलं. कोणीच वाचलं नाही. हिलरी तिकडे विमानाची वाट बघत होता. आलं ते हेलिकॉप्टर, बातमी घेऊन.

हे वाचलं तेव्हा मी लॅपटॉप मिटवून गॅलरीत जाऊन उभा राहिलो. आम्ही नेहमी धरून चालतो की डोंगरात धोका असतो तो जाणाऱ्याला. इथे जाणारा सुखरूप होता. ज्या घरच्यांनी आयुष्यभर त्याची वाट पाहिली, त्यांची वाट बघायची पाळी त्याच्यावर आली, आणि ती वाट कधी संपलीच नाही.

त्यानंतरची वर्षं तो खोल नैराश्यात होता आणि हे त्याने पुढे आत्मचरित्रात लपवलेलं नाही. पण फाफलूचं हॉस्पिटल? ते पूर्ण झालं. ज्या कामाने घर मोडलं ते काम त्याने सोडलं नाही. मी असतो तर नेपाळचं तोंड पाहिलं नसतं. हा पुढची तीन दशकं जातच राहिला.

१९७७ मध्ये तो आपल्याकडे आला. गंगासागरपासून जेटबोटीने गंगेत उलटं वर जायचं आणि शेवटी हिमालयात शिखर चढायचं, अशी ती मोहीम होती. सोबत बाविशीतला पीटर होता. काठाकाठाने लोकांची झुंबड उडायची. नंदप्रयागजवळ धबधब्याने बोटी अडवल्या, पुढे पायी. शिखराच्या वाटेवर अठरा हजार फुटांच्या आसपास हिलरीला उंचीचा त्रास होऊन तो कोसळला. साथीदारांनी उतरवलं आणि हेलिकॉप्टरने वाचवलं. ज्याने जगाचं छप्पर पाहिलं त्याला आता डोंगर परत पाठवत होता.

१९७९ मध्ये अंटार्क्टिकावरून फिरून येणाऱ्या पर्यटकांच्या विमानात त्याला माहिती सांगायला जायचं होतं. जमलं नाही, म्हणून त्याचा जुना मित्र पीटर मलग्रू गेला. २८ नोव्हेंबरला ते विमान एरेबस पर्वतावर आदळून २५७ माणसं गेली. मलग्रूची पत्नी जून आणि हिलरी, दोघंही असे मागे राहिलेले. १९८५ ते १९८९ हिलरी दिल्लीत न्यूझीलंडचा उच्चायुक्त होता तेव्हा जून त्याच्यासोबत होती, आणि १९८९ च्या डिसेंबरात त्यांनी लग्न केलं. सत्तरीतला नवरदेव!

मे १९९० मध्ये मुलगा पीटर एव्हरेस्टवर पोचला आणि तिथून ऑकलंडला बापाशी बोलला. यावेळी घरी बसून फोनची वाट बघणारा हिलरी होता. मला वाटतं, सगळा हिशोब कुठे जुळला असेल तर त्या फोनपाशी.

११ जानेवारी २००८ ला, वयाच्या अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी तो गेला. न्यूझीलंडच्या पाच डॉलरच्या नोटेवर तो हयात असतानाच, १९९२ मध्ये, त्याचं चित्र आलं होतं. लोकांचा तो 'सर एड'. अस्थी मात्र कुठल्या शिखरावर नाही, ऑकलंडजवळच्या हाउराकी आखातात सोडल्या. घराजवळच.

याचं तात्पर्य काय, ते मला नीट सांगता येणार नाही. ट्रेक सोडणार आहे का? नाही. पण हिलरीकडून एक समजलं. जिथे आपलं मन रमतं तिथल्या लोकांसाठी हाताने काही करावं, आणि घरच्यांना त्यात भागीदार करावं. निदान नुसतं वाट बघायला ठेवू नये.

पुढच्या शनिवारी राजमाची. सोपा आहे, बायकोपण येतेय. तिची अट एकच : जेवण वेळेवर. असो.