अद्भुताचा भूगोल : 'मंजुघोषे'ची प्रस्तावना आणि चांद्याचे अरण्य

कल्पित विश्व उभारणाऱ्या लेखकाची घडण त्याच्या खर्ड्यांतून जितकी उलगडते तितकी ती छापील ग्रंथातून उलगडत नाही. इंग्रजीत ह्याचे ठळक उदाहरण टोल्किनचे आहे. १९३७च्या डिसेंबरात त्याने जी कथा लिहावयास घेतली ती १९५४-५५मध्ये तीन भागांत प्रसिद्ध झाली. मधल्या काळात लिहिलेले, खोडलेले आणि पुन्हा लिहिलेले कागद पुढे त्याच्या मुलाने, ख्रिस्तोफरने, १९८३ ते १९९६ ह्या अवधीत बारा खंडांमध्ये संपादित केले. कथेत अखेरीस सिंहासनावर बसणारा पुरुष पहिल्या खर्ड्यांत लाकडी जोडे घालून हिंडणारा एक बुटका भटक्या होता, हे ह्या खंडांमुळेच कळते. विश्व आधी आणि पात्र नंतर, की पात्र आधी आणि विश्व नंतर, ह्या प्रश्नाचा निवाडा तेथे पुराव्याने करता येतो.

मराठीतील अद्भुतरम्य कादंबरीच्या अभ्यासकाला अशी सोय नाही. लक्ष्मणशास्त्री हळबे ह्यांची 'मुक्तामाला' (१८६१) व 'रत्नप्रभा' (१८६६), नारो सदाशिव रिसबूड ह्यांची 'मंजुघोषा' (१८६८), केशव लक्ष्मण जोरवेकर ह्यांची 'विचित्रपुरी' (१८७०) ह्या कृतींची चर्चा छापील आवृत्तीपासून सुरू होते आणि तिथेच संपते. लेखकाच्या मेजावर काय घडले हे सांगणारा एकच दस्तऐवज उरतो. तो म्हणजे प्रस्तावना, आणि त्यातही रिसबुडांनी 'मंजुघोषे'ला जोडलेली. मराठी कादंबरीच्या इतिहासात ती वारंवार उल्लेखिली गेली आहे. मात्र ती बहुधा आरोपपत्राला जोडलेल्या कबुलीजबाबासारखी वापरली गेली. निर्मितिप्रक्रियेचा पुरावा म्हणून तिचे वाचन क्वचितच झाले.

त्या प्रस्तावनेचा आशय थोडक्यात असा. आपल्या लोकांतील विवाहाची रीत आणि इतर काही कारणे ह्यांमुळे हिंदूंच्या आयुष्यात मन गुंतवील असे ना दुर्गुण आढळतात ना सद्गुण. नित्य अनुभवाला येते तेच लिहावे तर त्यात वेधक काही नसते. म्हणून रंजक ग्रंथ करू पाहणाऱ्याला अद्भुताचा आश्रय करणे भाग पडते. हे विधान वरवर पाहता लेखकाच्या असमर्थतेचे आहे. जवळून पाहिले तर मात्र ते विश्वरचनेचे सूत्र ठरते. प्रेमकथेला अशी दोन माणसे लागतात, ज्यांना एकमेकांना पाहण्याची, निवडण्याची आणि नाकारण्याची मुभा आहे. ज्या समाजात मुलीचे लग्न तिला समज येण्यापूर्वी लागते, त्या समाजात ही मुभाच संभवत नाही. १८६०च्या दंडसंहितेने संमतिवयाची मर्यादा दहा वर्षे ठेवली होती आणि ती बारावर नेण्यासाठी १८९१ साल उजाडावे लागले, त्यावरूनही एवढे वादळ उठले. ह्या पार्श्वभूमीवर रिसबुडांची अडचण तांत्रिक वाटत नाही. कथानकाचा आरंभबिंदूच समाजव्यवहाराने काढून घेतलेला होता. तो परत मिळवायचा तर नायिका उपवर असूनही अविवाहित असेल, नायकाला हिंडण्याफिरण्याचे स्वातंत्र्य असेल, आणि हे सर्व ज्याला नावे ठेवणार नाही असा एखादा देश उभारावा लागणार होता. राजे, प्रधानपुत्र, सिद्धपुरुष, गुहा आणि भुयारे ही त्या देशाची सजावट. त्याचा पाया वयात आलेली अविवाहित मुलगी हा आहे.

असे पाहिले की ह्या कादंबऱ्यांविषयीच्या टीकेचा रोखही थोडा बदलून घ्यावा लागतो. काशिनाथ बाळकृष्ण मराठे ह्यांनी १८७२मध्ये 'नावल व नाटक' ह्यांविषयीच्या निबंधात ह्या लाटेचा परामर्श घेतला. राजवाड्यांनी १९०२मध्ये 'कादंबरी' ह्या निबंधात अद्भुत आणि वास्तविक ह्या भेदाची मांडणी केली. बापट-गोडबोले (१९३८) आणि नागपूरला अध्यापन केलेल्या कुसुमावती देशपांडे ह्यांनी आपापल्या इतिहासांत ह्या कृतींना जागा दिली, ती मुख्यतः पुढच्या वास्तववादी कादंबरीच्या आधीचा टप्पा म्हणून. भालचंद्र नेमाड्यांनी 'यमुनापर्यटन', 'मुक्तामाला' आणि 'मोचनगड' ह्या तीन कृतींतून मराठी कादंबरीच्या तीन प्रवृत्ती दाखविल्या आणि 'मुक्तामाला' प्रवृत्तीवर वास्तवापासून पळ काढल्याचा ठपका ठेवला. तो ठपका निराधार नाही. परंतु पळून जाणाऱ्याने आपण कशापासून पळतो आहोत हे स्वच्छ शब्दांत लिहून ठेवले असेल, तर त्या पलायनाला जाणीवपूर्वक घेतलेली भूमिका म्हणावे लागते. १८५७च्या 'यमुनापर्यटना'त बाबा पदमनजींनी विधवेच्या दुःखाकडे थेट पाहिले. रिसबुडांनी त्याच विवाहव्यवस्थेकडे पाठ फिरवली, पण कोणत्या दिशेने पाठ फिरवली हे सांगून फिरवली. दोन्ही कृती एकाच भिंतीच्या दोन बाजूंना उभ्या आहेत.

आता ह्या देशाच्या भूगोलाकडे वळता येईल. तो भूगोल पाहणीतून आलेला नाही, ग्रंथांतून आलेला आहे. १८६१मध्येच कृष्णशास्त्री चिपळूणकरांच्या अरबी सुरस व चमत्कारिक गोष्टी मराठीत येऊ लागल्या होत्या. त्याआधी १८४१मध्ये हरि केशवजींच्या 'यात्रिक्रमणा'ने बन्यनचा रूपकात्मक प्रवास मराठीत आणला होता आणि ज्यांच्या नावातच त्यांचा अर्थ आहे अशी गावे असू शकतात हे वाचकाला दाखविले होते. 'विचित्रपुरी' हे नाव त्याच जातीचे. पण अरण्य आले ते बाणभट्टाकडून. त्याच्या विंध्याटवीत शबरांची शिकार आहे, पोपटांनी भरलेला शाल्मली वृक्ष आहे, अगस्त्याचा आश्रम आणि पंपा सरोवर आहे. मराठीने ह्या वाङ्मयप्रकाराला नावही त्याच कृतीचे दिले. ह्या नामकरणात एक योगायोग आहे. बाणाची 'कादंबरी' त्याच्या मृत्यूमुळे अर्धीच राहिली आणि उत्तरभाग त्याच्या मुलाने रचला. म्हणजे मराठी कादंबरीचे नाव एका अपुऱ्या खर्ड्याचे नाव आहे. बापाचे विश्व मुलाने पुरे करण्याची रीत ख्रिस्तोफर टोल्किनच्या तेराशे वर्षे आधीची आहे.

ज्या भूभागाला परंपरेने दंडकारण्य म्हटले त्याचा एक मोठा तुकडा तेव्हाच्या चांदा जिल्ह्यात होता. गडचिरोली हा त्यातून १९८२मध्ये वेगळा निघालेला जिल्हा. मराठी कादंबरीकार अनाम अरण्ये रचत होते त्याच दशकात ह्या अरण्याला नावे, हद्दी आणि आकडे दिले जात होते. १८६१मध्ये मध्य प्रांत स्थापन झाला, १८६५मध्ये पहिला वनकायदा आला. पुण्या-मुंबईच्या लेखकाला मात्र चांद्याचे रान बाणाच्या रानाहूनही दूरचे होते. दोष त्याचा एकट्याचा नव्हे, कारण भोसल्यांच्या राज्यातला हा मुलूख नुकताच १८५३-५४मध्ये इंग्रजांकडे आला होता आणि मराठी छापखान्याची वाचकसंख्या दुसरीकडेच होती. तरीही वैनगंगेच्या काठच्या लोकांजवळ स्वतःचे रचलेले विश्व होते, आणि ते ह्याच वर्षांत कागदावर आले, ही गोष्ट मराठी समीक्षेच्या नजरेतून सुटली.

नागपूरला काम करणारे स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८६३मध्ये बुडून मृत्यू पावले. त्यांचे टिपण चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल ह्यांनी १८६६मध्ये, म्हणजे 'रत्नप्रभे'च्याच वर्षी, प्रसिद्ध केले. त्यात परधान गायकाकडून घेतलेले लिंगोचे गोंडी गीत होते. हे गीत चांद्याचेच असे म्हणता येत नाही. गोंडवनाच्या मोठ्या पट्ट्यात त्याची रूपे आढळतात, आणि उतरवून घेतलेल्या संहितेत महादेव-पार्वतीच्या कथांचे मिश्रण आहे हे टेंपल ह्यांच्याही ध्यानात आले होते. पण रचना पाहावी. महादेव गोंडांना गुहेत कोंडतो. चौघे निसटतात. फुलातून जन्मलेला लिंगो त्यांना भेटतो, त्यांच्या बायकांच्या खोट्या आळामुळे मारला जातो, पुन्हा जिवंत होतो आणि गुहेतल्यांची सुटका करतो. इथवर हे साहस आहे. पुढे गीत साहस सोडते आणि तपशिलात शिरते. लोकांचे विभाग पाडले जातात, देवपूजा ठरते, आणि शेवटी लग्नाचे विधी सांगितले जातात.

अद्भुताच्या दोन विश्वांमधला फरक इथे उघड होतो. परधानाचे विश्व शेवटी विवाहनियमापाशी पोचते, कारण नियम कुठून आला हे सांगणे हेच त्याचे काम. रिसबुडांचे विश्व विवाहनियमापासून सुरू होते, कारण नियमाच्या बाहेर कुठे जाता येईल हे शोधणे हे त्याचे काम. एकाची श्रोतृमंडळी त्या विश्वात राहते, दुसऱ्याचा वाचक पुस्तक मिटून परत येतो. तोदोरोव्हने १९७०मध्ये अद्भुत आणि विस्मयकारक ह्यांत वाचकाच्या संभ्रमाच्या आधारे भेद केला. त्या कसोटीवर दोन्ही संहिता एकाच खान्यात पडतात, कारण दोहोंतही चमत्कार निःशंकपणे स्वीकारला जातो. म्हणजे ही कसोटी येथे अपुरी आहे. श्रोता आणि विश्व ह्यांच्यात कोणता करार आहे हे ती विचारत नाही.

ह्या कराराचा तिसरा नमुना त्याच जिल्ह्यात दगडात उभा होता. चामोर्शी तालुक्यात वैनगंगेच्या काठी, जिथे नदी उत्तरेकडे वळते तिथे, मार्कंड्याचा देवळांचा समूह आहे. कनिंगहॅमच्या १८७३-७४च्या दौऱ्याचा वृत्तान्त १८७९मध्ये छापला गेला आणि त्याने ह्या समूहाची मोकळ्या मनाने वाखाणणी केली. देवळे सामान्यतः अकराव्या-बाराव्या शतकाच्या सुमाराची मानली जातात, पण स्थानिक आख्यायिका ती हेमाडपंताने एका रात्रीत उभारली असे सांगते. ज्या ऋषीचे हे स्थान, त्याच्याविषयी महाभारताच्या आरण्यकपर्वात एक प्रसंग आहे. प्रलयात सर्वत्र पाणी झाले असता मार्कंडेय एका वटवृक्षावरील बालकाच्या मुखातून त्याच्या पोटात शिरतो. आत त्याला सगळी पृथ्वी दिसते, गंगा, गोदावरी, नर्मदा, नगरे, पर्वत, आपापली कामे करणारे लोक. शंभराहून अधिक वर्षे हिंडूनही त्याला त्या उदराचा अंत लागत नाही.

टोल्किनने १९३९च्या व्याख्यानात परीकथेच्या दुय्यम विश्वाविषयी जे मांडले त्याच्याजवळ ही कथा जाते, पण एका बाबतीत ती वेगळी वळते. मार्कंडेयाला आत नवे काही दिसत नाही. बाहेर जे बुडाले तेच आत शाबूत असते. हे विश्व पलायनासाठी रचलेले नाही, नियम सांगण्यासाठीही नाही, ते जतनासाठी आहे. मराठी गद्यात ह्या तिसऱ्या जातीचे विश्व फार उशिरा आले. १९१३च्या 'वीरधवल'मध्ये नाथमाधवांनी रिसबुडांचीच वाट अधिक सफाईने चोखाळली. 'रमलखुणा'तील (१९७५) 'इस्किलार' ह्या दीर्घकथेत जी. ए. कुलकर्ण्यांनी नकाशाबाहेरची भूमी उभारली, पण तिच्यात माणसाच्या नियतीचे जुनेच प्रश्न जसेच्या तसे ठेवले. त्या कथेतील परके नाव वाचकाला दूर नेत नाही, हा अनुभव 'मंजुघोषे'च्या वाचनात येत नाही.

मार्कंड्याच्या मुख्य देवळावर वीज पडून शिखराचा वरचा भाग महामंडपाच्या छतावर कोसळला आणि पुढे एका गोंड राजाने डागडुजी करविली, असे सांगितले जाते. त्या दुरुस्तीत आधारासाठी उभे केलेले बोजड खांब जुन्या कोरीव स्तंभांच्या मध्येच आहेत. शैलीच्या अभ्यासकाला ते खटकतात. मात्र पुढे दीर्घकाळ छत त्यांनीच पेलले.