अण्वस्त्र कारखान्यातील काम आणि आजार: जबाबदारी कोणाची?

अण्वस्त्रांच्या कारखान्यात काम केलेल्या व्यक्तीला अनेक वर्षांनी फुप्फुसाचा आजार किंवा कर्करोग झाला, तर घरच्यांना दोन प्रश्न पडतात. आजार कामामुळे झाला का? आणि भरपाई कोण देणार? अमेरिकेतील रॉकी फ्लॅट्स कारखान्याच्या उदाहरणातून हे समजून घेऊया.

तिथे काय घडले?
कोलोरॅडो राज्यात डेन्व्हर शहराजवळ १९५२ ते १९८९ या काळात अणुबॉम्बचे प्लुटोनियमचे गाभे बनत. कारखाना सरकारचा होता, पण चालवत खासगी कंपन्या: १९७५ पर्यंत डाऊ केमिकल आणि नंतर रॉकवेल इंटरनॅशनल. १९५७ आणि १९६९ मध्ये तिथे मोठ्या आगी लागल्या. गळक्या पिंपांतून प्लुटोनियम मिसळलेले तेल जमिनीत मुरले आणि तिथली दूषित धूळ वाऱ्याने बाहेर पसरली.

शरीरावर काय परिणाम होतो?
• प्लुटोनियम: त्याचे अल्फा किरण त्वचेतून आत जात नाहीत. धूळ श्वासातून आत गेली, तर मात्र ते फुप्फुस, यकृत आणि हाडांत वर्षानुवर्षे राहते व कर्करोगाचा धोका वाढवते.
• बेरिलियम: या धातूची धूळ काहींच्या शरीरात ॲलर्जीसारखी प्रतिक्रिया निर्माण करते. फुप्फुसात सूक्ष्म गाठी होतात. धाप, कोरडा खोकला, थकवा ही लक्षणे कधी कधी काही दशकांनी दिसतात. हा आजार सार्कॉइडोसिससारखा दिसत असल्याने निदान चुकू शकते.

जबाबदारी कोणी घेतली?
१९८९ मध्ये एफबीआयने कारखान्यावर छापा घातला. १९९२ मध्ये रॉकवेलने पर्यावरणविषयक गुन्हे कबूल केले आणि १.८५ कोटी डॉलर दंड भरला. शेजारच्या जमीनमालकांनी १९९० मध्ये केलेला दावा २०१६ मध्ये ३७.५ कोटी डॉलरवर मिटला. कंपन्यांना सरकारची हमी असल्याने या तडजोडीचा भार सरकारी तिजोरीवर पडला. आजारी कामगारांसाठी २००० साली वेगळा कायदा झाला. त्यानुसार किरणोत्सर्गामुळे झालेला कर्करोग किंवा बेरिलियमचा दीर्घकालीन आजार मान्य झाल्यास सरकार दीड लाख डॉलर व उपचारांचा खर्च देते. कामगार हयात नसेल, तर पती, पत्नी किंवा मुले अर्ज करू शकतात.

तुम्ही काय करावे?
• डॉक्टरांना फक्त सध्याची नव्हे, तर जुनी प्रत्येक नोकरी सांगा: कोणते खाते, कोणते काम, किती वर्षे.
• बेरिलियमशी संबंध आला असेल, तर त्याच्या विशेष रक्ततपासणीबद्दल विचारा.
• कामाच्या कपड्यांवरून धूळ घरी येते. ते कपडे धुणाऱ्या व्यक्तीला लक्षणे असतील, तर तिचीही तपासणी करून घ्या.
• नोकरीची कागदपत्रे, जुने एक्स-रे आणि अहवाल जपून ठेवा.
• धूम्रपान करत असाल, तर ते बंद करा.

अशा ठिकाणी काम केलेल्या प्रत्येकाला आजार होतोच असे नाही. पण नोकरीचा इतिहास डॉक्टरांना कळला नाही, तर योग्य निदान आणि भरपाईचा हक्क दोन्ही हातचे जाऊ शकतात.