भायखळ्याच्या तुरुंगातील लस

चिंचवडच्या दामोदर चापेकरांनी २२ जून १८९७ च्या रात्री पुण्याचे प्लेग अधिकारी रँड यांच्यावर गोळी झाडली, हे सर्वश्रुत आहे. त्या कृत्यामागे सोजिरांनी केलेल्या घरझडत्यांचा संताप होता. परंतु त्याच वर्षाच्या आरंभी मुंबईत भायखळ्याच्या तुरुंगात प्लेगशी निराळ्या रीतीने सामना झाला. त्याचे स्मरण मात्र फार थोड्यांस असते.

तुरुंग म्हणजे साथीला आयते कुरण. तेथे माणसे दाटीने निजतात आणि संकटाच्या वेळी घर सोडून रानात जाण्याची त्यांना सोय नसते. प्लेग उंदरांवरील पिसवांतून पसरतो, हे सिमाँ यांनी १८९८ साली दाखविले. त्यापूर्वी ते सिद्ध झालेले नव्हते. तेव्हा शरीरातच प्रतिकारशक्ती उत्पन्न करणे, हा मार्ग हाफकिन यांनी धरला. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांनी प्लेगचे जंतू वाढवून, उष्णतेने मारून, लस सिद्ध केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःस टोचून घेतली.

महिनाअखेर भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. ३० जानेवारीस जे बंदिवान आपण होऊन पुढे आले, अशा १५४ जणांस लस टोचण्यात आली; सुमारे पावणेदोनशे तसेच राहिले. ज्यांच्या अंगी रोग आधीच भिनला होता, त्यांना लस वाचवू शकली नाही. परंतु त्यानंतर न टोचलेल्यांपैकी १२ जण आजारी पडले व ६ दगावले. टोचलेल्यांपैकी दोघेच आजारी पडले, आणि दोघेही वाचले.

‘आपण होऊन’ या शब्दांपाशी मात्र थोडे थांबले पाहिजे. ज्याची भाकरी आणि निजण्याची जागा अधिकारी ठरवितो, त्याचा होकार पुरता मोकळा म्हणता येत नाही. तरीही त्या बंदिवानास निदान विचारले गेले. पुण्याच्या स्वतंत्र गृहस्थाला, त्याच्या स्वतःच्या देवघरापाशी, तेवढेही कोणी विचारले नाही. दोहोंकडे हेतू साथ थोपविण्याचाच होता. पण एकीकडे लोकांस उपाय मिळाला, दुसरीकडे रोगाइतकेच सरकारचे भय वाटू लागले.

दामोदर चापेकरांना १८ एप्रिल १८९८ रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी झाली. पुढे १९५४ साली चिंचवडलगतच्या पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, आणि प्लेगला गुण देणारे स्ट्रेप्टोमायसीन कालांतराने तेथेच तयार होऊ लागले. औषधाची उणीव अशी भरून निघाली. ते देण्यापूर्वी माणसास विचारण्याचे कर्तव्य मात्र, तुरुंगात असो वा घरात, औषधाने संपत नाही.