हिरव्या वाटणाची वंशावळ

पावसाळ्यात कुंडीतली बेसिल फोफावली की आठवड्यातून एकदा मी पेस्टो वाटते. पाइनच्या बिया परवडत नाहीत म्हणून काजू घेते. पेकोरिनो चीज मिळत नाही म्हणून एकट्या पार्मेझानवर भागवते. एकदा घरी जेवायला आलेल्या परिचितांनी पहिला घास घेतला आणि म्हणाले, "छान झालंय, पण हा काही खरा पेस्टो नव्हे." बोलणे जरा लागले. पण त्यातून एक प्रश्न मागे उरला : खरा पेस्टो कोणता, आणि तो खरा कधीपासून झाला?

पेस्टो जेनोवाचा. इटलीच्या वायव्य किनाऱ्यावरील लिगुरिया प्रांताचे हे जुने बंदर. 'पेस्तारे' म्हणजे कुटणे. त्यावरून 'पेस्टो' म्हणजे कुटलेले. आपल्या 'ठेचा' किंवा 'वाटण' या शब्दांप्रमाणे हे नाव जिन्नसांवरून नव्हे, क्रियेवरून पडले आहे. आजची प्रमाण कृती सात जिन्नसांची आहे : बेसिल, ऑलिव्ह तेल, पाइनच्या बिया, लसूण, मीठ, पार्मेझान आणि सार्डिनिया बेटावरचे मेंढीच्या दुधाचे पेकोरिनो. खल संगमरवरी, बत्ता लाकडी. जेनोवाच्या बेसिलला २००५ साली युरोपीय संघाचे भौगोलिक संरक्षणही मिळाले.

क्रिया मात्र या कृतीपेक्षा फार जुनी आहे. पूर्वी व्हर्जिलच्या नावावर मोडणाऱ्या 'मोरेतुम' या लॅटिन कवितेत एक गरीब शेतकरी पहाटे उठून लसूण, मीठ, चीज आणि परसातला हिरवा पाला खलात कुटतो, त्यात तेल व व्हिनेगर घालतो आणि ते भाकरीशी खातो. त्या पाल्यात कोथिंबीर आहे, बेसिल नाही. म्हणजे खल, लसूण, चीज आणि तेल ही चौकट आधीची. बेसिल तीत नंतर येऊन बसली.

बेसिलचा पेस्टो छापील रूपात भेटतो तो १८६३ साली, रात्तो यांच्या 'ला कुचिनिएरा जेनोवेझे' या पाकपुस्तकात. 'कुचिनिएरा' म्हणजे स्वयंपाकीण. पुस्तकावर नाव पुरुषाचे, पण शीर्षकात बाई आहे! आपल्याकडे 'सूपशास्त्र' १८७५ साली निघाले, तेही रामचंद्र सखाराम गुप्ते यांच्या नावाने. जी विद्या बायकांच्या हातांतून चालत आली, ती छापताना पुरुषाच्या नावाने छापली गेली, हे दोन्हीकडे सारखेच.

रात्तोंच्या कृतीत पेस्टोला लसूण-बेसिलचे वाटण म्हटले आहे. त्यात पार्मेझानबरोबर चक्क हॉलंडचे चीज आहे. बंदराच्या गावात ते असणे नवलाचे नाही. कुटताना थोडे लोणी घालायचे, मग भरपूर तेलाने सैल करायचे. हॉलंडचे चीज आणि लोणी, दोन्ही आजच्या प्रमाण कृतीत नाहीत. पण मला सर्वांत मोलाची वाटली ती वेगळीच सूचना : बेसिल नसल्यास मार्जोरम आणि पार्सली घ्यावी.

हे 'नसल्यास' कुठून आले? बेसिल थंडीत तग धरत नाही. तेव्हा वर्षातले काही महिने जेनोवाच्या घरांत ती मिळणे कठीण. वाटण मात्र रोजच्या जेवणाला हवेच. आज जेनोवाच्या प्रा भागातील काचघरांत ती बारमाही पिकते आणि कोवळ्या पानांसकट बाजारात येते. माझ्या मते, ऋतूची अडचण संपली तशी 'नसल्यास'ची गरजही संपली, आणि मग पर्यायाला भेसळ म्हणणे सोपे झाले.

वापरातही हाच घरगुतीपणा दिसतो. पेस्टो आचेवर शिजवत नाहीत. पास्त्याच्या गरम पाण्याने सैल करून कालवतात. त्रेनेत्ते नावाच्या लांब पास्त्याबरोबर बटाटा आणि फरसबी एकाच भांड्यात उकडतात. या दोन्ही भाज्या अमेरिका खंडातून आलेल्या. भाज्यांच्या मिनेस्त्रोने सुपात शेवटी एक चमचा पेस्टो ढवळतात. जी भाजी हंगामात असेल ती त्यात चालते. सरहद्दीपलीकडे फ्रान्सच्या प्रोव्हान्समध्ये याचा भाऊ 'पिस्तू' नांदतो. त्यात पाइनच्या बिया नसतात. त्याला कोणी खोटा म्हणत नाही.

खल की मिक्सर, या वादात मात्र मी जुन्या मंडळींच्या बाजूने आहे. पान चिरडले की त्यातली विकरे हवेशी मिळून ते काळवंडते. मिक्सरची पाती तापतात आणि वाटणात हवा भरतात. लाकडी बत्ता हळू फिरवला, वर तेल लवकर ओतले, की रंग टिकतो.

शेवटी एक गंमत. वनस्पतिशास्त्राच्या लेखी बेसिल आणि फालुद्यातला आपला सब्जा यांची जात एकच आहे. आणि रात्तोंनी पर्याय म्हणून सुचवलेले मार्जोरम म्हणजे आपला मरवा, गजऱ्यात ओवतात तोच.

गेल्या हिवाळ्यात माझी बेसिल बी धरून वाळली. तेव्हा कुंडीतला मरवा खुडला, जोडीला पार्सली घेतली, आणि १८६३ च्या त्या सूचनेप्रमाणे वाटण केले. वास अधिक उग्र आणि रंग जरा फिका होता. त्याच परिचितांना पुन्हा बोलावले. त्यांनी विचारले, "हे काय आहे?" मी सांगितले, "पेस्टो." या वेळी ते काही बोलले नाहीत, दुसऱ्यांदा वाढून मात्र घेतले.