उपदंशाची रक्तपरीक्षा : एका अप्रत्यक्ष पुराव्याचा इतिहास

लोकभाषेत गरमी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या उपदंशाच्या आधुनिक निदानाचा आरंभ बर्लिन येथे झाला. १९०५ साली शाउडिन व हॉफमन यांना या रोगाचा जंतू प्रथम दिसला आणि १९०६ साली वासरमन, नायसर व ब्रुक यांनी रक्तपरीक्षा सिद्ध केली. तिच्यासाठी त्यांनी उपदंशग्रस्त मृत अर्भकाच्या यकृताचा अर्क वापरला. त्यातील जंतूंमुळेच प्रतिक्रिया घडते, अशी त्यांची समजूत होती. परंतु निरोगी प्राण्याच्या हृदयाचा अर्कही तेच कार्य करतो, असे लवकरच निदर्शनास आले. परीक्षा टिकली, उपपत्ती मात्र ढासळली.

१९४१ साली मेरी पँगबॉर्न यांनी बैलाच्या हृदयातून कार्डिओलिपिन हे द्रव्य वेगळे केले. त्यावर आधारलेली व्ही. डी. आर. एल. परीक्षा जंतूचा शोध घेत नाही; शरीराने निर्माण केलेली प्रतिद्रव्ये ती मोजते. १९४३ साली पेनिसिलिनचा गुण सिद्ध झाल्यानंतर या प्रतिद्रव्यांच्या प्रमाणात होणारी चौपट घट हीच उपचाराच्या यशाची खूण ठरली.

या साऱ्या रचनेचा पाया म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती. १९८१ साली प्रथम नोंदल्या गेलेल्या एड्सने नेमका त्यावरच आघात केला. पेनिसिलिन घेऊनही काही एच. आय. व्ही. बाधितांच्या मज्जासंस्थेत उपदंश प्रकट झाल्याची वृत्ते १९८७ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाली. त्याच वर्षी, रक्तपरीक्षा नकारार्थी असूनही त्वचेच्या तुकड्यातून रोग सिद्ध झालेल्या एका रुग्णाचीही नोंद झाली. परीक्षा व उपचार दोन्ही अपुरे आहेत की काय, असा प्रश्न त्यामुळे उभा राहिला.

१९९७ साली प्रसिद्ध झालेल्या ५४१ रुग्णांच्या अभ्यासाने त्याचे बरेचसे उत्तर दिले. त्यांतील १०१ जण एच. आय. व्ही. बाधित होते. त्यांच्या प्रतिद्रव्यांची घट अपेक्षेहून कमी आढळली. तथापि नेहमीच्या पेनिसिलिनला इतर औषधांची जोड देऊनही रोगलक्षणांच्या दृष्टीने अधिक लाभ झाला नाही. म्हणून प्रारंभीच्या उपदंशात मात्रा तीच राहिली; वाढली ती देखरेख. नकारार्थी परीक्षेची उदाहरणेही विरळच ठरली. तरीही लक्षणे स्पष्ट असता रक्तरस पातळ करून पुन्हा तपासणे, अथवा व्रणातच जंतू शोधणे, आवश्यक मानले गेले.

अशा रीतीने शाउडिनचा सूक्ष्मदर्शक व वासरमनची परीक्षा पुन्हा एकत्र आली. रक्तातील आकडा हा साक्षीदार होय, न्यायाधीश नव्हे. आणि ही साक्ष ज्या शरीरातून येते, त्याची अवस्था जाणल्यावाचून तिचे मोल ठरत नाही.