कुळे: पुसलेल्या सरहद्दीचे स्थानक

कुळे स्थानकावर उतरणारे बहुतेकजण दूधसागरची जीप शोधत घाईने बाहेर पडतात. मला मात्र हे स्थानक एका पुसलेल्या सरहद्दीची खूण वाटते. १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज करारातून मुरगाव बंदर घाटमाथ्याशी जोडायचे ठरले. १८८८ च्या सुमारास रूळ सीमेला भिडले. खाली कुळ्याला पोर्तुगीजांची जकात, वर कॅसलरॉकला इंग्रजांची! १९५५ मध्ये भारताने नाकेबंदी केली आणि गाड्या थांबल्या. पुन्हा घाट चढल्या त्या मुक्तीनंतरच. पुढे १९९० च्या दशकात मीटरगेजही गेले, ब्रॉडगेज आले. सरहद्द गेली, बरे झाले. पण ती होती हे सांगणाऱ्या या मार्गावरच्या जुन्या इमारती आपण जपायला नकोत का?