भाताच्या तुसाची राख सिमेंटची जागा घेऊ शकते, पण चुलीतली राख नाही

भात गिरणीत गेला की तांदूळ एकीकडे आणि तूस दुसरीकडे. 100 किलो भातामागे साधारण 20 किलो तूस निघतं. ते जनावरांना चारा म्हणून फारसं उपयोगाचं नाही, शेतात टाकलं तर लवकर कुजतही नाही, कारण त्यात सिलिका ठासून भरलेली असते. त्यामुळे बऱ्याच राइस मिल ते बॉयलरमध्ये जाळतात. 20 किलो तूस जळून उरते चारेक किलो राख. नीट जळालेल्या या राखेत 85 ते 95 टक्के सिलिकाच असते.

ही राख बांधकामवाल्यांना का हवी? कारण सिमेंट. जगभरात माणसामुळे हवेत जाणाऱ्या कार्बन डायऑक्साइडपैकी 7 ते 8 टक्के एकट्या सिमेंटचा आहे. आपल्याला वाटतं दोष भट्टीतल्या कोळशाचा. पण निम्म्याहून जास्त वायू चुनखडी भाजताना त्या दगडातूनच बाहेर पडतो. म्हणजे भट्टी उद्या सौरऊर्जेवर चालवली तरी तो थांबणार नाही. मग सिमेंटच कमी वापरायचं, हा सरळ मार्ग उरतो.

आता राख नेमकं काय करते ते बघू. सिमेंटमध्ये पाणी पडलं की एक चिकट जेल तयार होतं. काँक्रीटची ताकद ती हीच. सोबत मोकळा चुनाही तयार होतो, तो ताकदीच्या फारसा कामाचा नाही. राखेतली सिलिका या चुन्याला पकडते आणि त्याचंही जेल बनवते. बारीक छिद्रं बुजतात, पाणी आणि क्षार आत शिरायला वाट कमी राहते, लोखंडी सळई उशिरा गंजते. समुद्रकाठच्या बांधकामाला याचा मोठा फायदा. रोमन लोक 2000 वर्षांपूर्वी ज्वालामुखीची राख चुन्यात कालवायचे, तीही याच कारणाने टिकली.

साधारण 10 ते 20 टक्के सिमेंटऐवजी ही राख घालता येते. पण खरी मेख इथे आहे: राख कशी जाळली?

तूस साधारण 700 अंशांच्या खाली, ताब्यात ठेवलेल्या आचेवर जळलं तर सिलिका अस्ताव्यस्त रचनेची राहते आणि चुन्याशी पटकन जुळते. आच फार वाढली तर तिचे स्फटिक बनतात आणि ती जवळपास निष्क्रिय होते. शिवाय अशा स्फटिक सिलिकेची धूळ फुप्फुसांना घातक. अर्धवट जळालं तर काळा कार्बन उरतो. अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठात पी. के. मेहता यांनी 1970 च्या दशकात यावर पायाभूत काम केलं. थोडक्यात, एकाच पोत्यातल्या तुसाची राख कामाचीही होऊ शकते आणि कचराही. चुलीतली किंवा शेतात पेटवलेल्या ढिगातली राख स्लॅबमध्ये घालायचा सल्ला कुणी रीलमध्ये देत असेल, तर पुढे स्क्रोल करा.

चांगली राखही दळून बारीक करावी लागते. ती सच्छिद्र असल्यामुळे पाणी जास्त पिते, म्हणून मिश्रणात पाणी न वाढवता ते प्रवाही ठेवणारं रसायन घालावं लागतं. भारतीय मानक आयएस 456:2000 मध्ये तुसाच्या राखेचा उल्लेख आहे, पण तिचा दर्जा आणि एकसारखेपणा सिद्ध करून, मंजुरी घेऊनच ती वापरता येते. रोज वेगळ्या आचेवर चालणाऱ्या बॉयलरला हा एकसारखेपणाच जमत नाही.

महाराष्ट्रात तुसाची गोष्ट मुख्यतः गोंदिया-भंडाऱ्याकडची. पश्चिम महाराष्ट्रात विषय येतो बगॅसचा, म्हणजे उसाच्या चिपाडाचा. साखर कारखाने ते जाळून वाफ आणि वीज बनवतात. त्याच्या राखेतही सिलिका असते, पण तुसाच्या राखेपेक्षा कमी, आणि सोबत न जळालेले काळे तंतू बरेच. आयआयटी मद्रासच्या संशोधकांनी दाखवलंय की राख चाळून हे तंतू काढले आणि उरलेली सिमेंटइतकी बारीक दळली, तर तिचा उपयोग होतो.

फक्त गाळप हंगाम चार-पाच महिन्यांचा आणि बांधकामं वर्षभर चालू. त्यामुळे चाळणी, दळण यंत्र आणि कोरडं गोदाम हा खर्च कारखान्याने करायचा की सिमेंट कंपनीने, हे ठरल्याशिवाय ढीग आवारातून हलत नाहीत.